गप्पीचे एकतीस सेकंद

३ मे, शनि.
झोया दार न वाजवता खोलीत आली. म्हणजे काम असणार.
"आपा, प्लीज डोन्ट से नो."
त्यांच्या पाचजणींच्या गटातली रिया परवा कायमची बंगळूरला गेली, वडिलांची बदली. स्पर्धा २१ जूनला, इथेच दुबईत, ऊद मेथातल्या हॉलमध्ये. कोरियन गटाचं गाणं निवडायचं आणि त्यांच्यासारखं गायचं. मूळ गटात पाच मुली असतील तर स्टेजवर पाचच हव्यात. चार आल्या तर बाद.
मी म्हटलं, नाही.
ती म्हणाली, "तुला गप्पीचा पार्ट आहे."
'सातवा मजला' हे गाणं आमच्या घरात वर्षभर वाजतंय. त्या पाच मुलींची खरी नावं अम्मीच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून तिने आपली ठेवलीत: राणी, लंबू, रडवी, कावळी, गप्पी. गप्पी कोपऱ्यात उभी असते. तिला अख्ख्या गाण्यात एकच ओळ. मी मागे मोजली होती, ४.२ सेकंद.
४.२ सेकंद जमतील. हो म्हटलं.
झो. जुलैअखेर पुण्याला जाणार, आर्किटेक्चरला, पाच वर्षं. हे कारण नाही. नोंद म्हणून लिहिलं.

५ मे, सोम.
अल नाहदातल्या इमारतीची तक्रार: लिफ्ट स्लो. गेले, तपासली. मोटर ठीक, दारं ठीक, लेव्हलिंग (थांबल्यावर लिफ्टची फरशी आणि मजला यांतला फरक) ३ मिमी, उत्तम. तासभर लॉबीत उभी राहिले तेव्हा कारण सापडलं. शाळेतून आलेली मुलं आत शिरतात, एकूण एक बटण दाबतात आणि हसत उतरतात.
यावर सोय आहे. आत वजन कमी आणि बटणं फार असली की लिफ्ट सगळे कॉल रद्द करते. ती सोय बंद होती, चालू केली. उस्मान लाला (आमचा सीनियर टेक्निशियन, पेशावरचा, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा) म्हणाला, "बेटी, बच्चों की ईद खराब कर दी तूने."
सगळी बटणं दाबणाऱ्या माणसांबद्दल मला काही म्हणायचं नाही. वीज, वेळ, ब्रेकची झीज. आकडे पुरेसे आहेत.

१० मे, शनि.
पहिली तालीम, आमच्या हॉलमध्ये, सोफे भिंतीला लावून. झो. राणी. मृणाल लंबू; सांगलीची, आवाज सांगलीपर्यंत जाईल असा. कोट्टयमच्या जुळ्या, आन आणि अलीना, रडवी आणि कावळी. कोण रडवी यावर दोघींचं अजून ठरत नाही.
माझी ओळ आली, म्हटली, संपली. मृणाल म्हणाली, "ताई, झालं? मी शिंकते त्याला जास्त वेळ लागतो."
समाधानकारक.
स्पर्धेचा फॉर्म आणि संगीताचा ट्रॅक माझ्याकडे दिला. "आपा इज द टेक्निकल पर्सन." हे मला आवडतं. दाखवलं नाही.

१३ मे, मंगळ.
ट्रॅकचं काम पूर्ण. या गाण्याच्या दोन आवृत्त्या. कोरियन (को.), जी गाजली. आणि सहा महिन्यांनी त्याच मुलींनी जपानसाठी जपानी शब्दांत गायलेली (जप.). को.चा जो बिनआवाजी ट्रॅक मिळाला त्यात मागे कोरसचे आवाज राहिलेत. जप.चा अगदी स्वच्छ. चाल तीच, ताल तोच. दोन्हींचे तरंग स्क्रीनवर एकाखाली एक ठेवून जुळवले, पहिल्या कोरसपासून शेवटपर्यंत. तंतोतंत. म्हणून जप.चा ट्रॅक चढवला. फॉर्ममध्ये आवृत्तीचा रकाना होता. ट्रॅक जपानी तर जपानी लिहायला हवं, तसं लिहिलं. कोण कुणाचा भाग गाणार तेही प्रत्येकीच्या नावासमोर.
सबमिट करण्याआधी झो.ला मोबाइलवर पाठवला, नजर टाक म्हणून. तिने अंगठा पाठवला. सबमिट. एकदा भरला की बदल नाही, असं खाली ठळक लिहिलेलं आहे. बरोबरच आहे. मीही असंच लिहिलं असतं.

१४ मे, बुध.
चूक.
आयोजकांचं पत्र आलं: 'तुमची आवृत्ती जपानी. शब्द आणि भागांची वाटणी त्या आवृत्तीप्रमाणेच तपासली जाईल.'
मी जप. पहिल्यांदा सुरुवातीपासून ऐकलं. पहिल्या कोरसच्या आधीचं मी जुळवलंच नव्हतं.
को.मध्ये लिफ्टची 'टिंग' होते, मग ढोल, मग राणी. जप.मध्ये 'टिंग' होते आणि पुढे काहीच नाही. ढोल नाही, बेस नाही. एकच आवाज, एकटा.
गप्पीचा. ती मूळची जपानची. तिकडच्या आवृत्तीत सुरुवात तिला दिली आहे.
मोजलं. पुन्हा मोजलं. ३१ सेकंद.

१५ मे, गुरु.
आयोजकांना फोन. अतिशय गोड बाई. "हबीबती, फॉर्म इज क्लोज्ड. खलास." भाग बदलता येईल का? नाही. दुसरी मुलगी? पाच नावं भरलीत, तीच पाच.
पर्याय दोन: नाव मागे घेणे किंवा गाणे.
झो.ला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने पाण्याची बाटली उघडली, प्यायली, झाकण लावलं. "ओके. सो यू ओपन."
"मी नाही म्हटलं तर?"
"देन वी आर आउट. लास्ट वन होतं माझं." एवढंच. मग खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१८ मे, रवि.
अब्बांनी नाश्त्याला विषय काढला. अब्बा जबल अली बंदरात माल क्लिअरिंगमध्ये, सगळ्या जगाकडे कंटेनर म्हणून बघतात. "म्हणजे माल कोरियाचा, लेबल जपानी, उतरला दुबईत, आणि घेणार कोण? आमची रत्नागिरीची नाझनीन."
अम्मी म्हणाली, "गाऊ द्या हो तिला. ती गप्पी वर्षभर कोपऱ्यात उभी आहे."
"अम्मी, ती गप्पी वेगळी, मी वेगळी."
"मी कुठे काय म्हटलं?"
जप.चे शब्द लिहायला घेतले. रोमन लिपीत उच्चार नीट बसत नाहीत, म्हणून देवनागरीत. सुंदर बसतात. चार पानं, प्रत्येक ओळीसमोर वेळ. बाकीच्या चौघींसाठीही काढली. म्हणजे मी गाणार, असं मी कुणाला म्हटलेलं नाही. फक्त पानं काढली.
झो.ला देवनागरी एकेक अक्षर लावून वाचावी लागते. मी दहावीपर्यंत मामूकडे चिपळूणला मराठी शाळेत, ती इथेच वाढलेली. ही रोजनिशी मराठीत असण्याचं तेही एक कारण. आज तिने पान घेऊन अर्धा तास बसून पहिली ओळ वाचली. बरोबर वाचली.
वही वरच्या खणात हलवली.

२२ मे, गुरु.
तालीम ३. पाठ आहे. सूर बरोबर, मोबाइलवर तपासला. वेळ ३१.० सेकंद. चूक शून्य.
मग आन (की अलीना) म्हणाली, "इट्स व्हेरी करेक्ट, दीदी."
मृणाल: "ताई, तू हजेरी घेतेस असं वाटतं."

२८ मे, बुध.
लिफ्टच्या जपानी कारखान्याकडून वार्षिक तपासणीला ओकादा-सान आले आहेत. साठीचे, हातमोजे इस्त्री केलेले. बिझनेस बे भागातल्या टॉवरवर मशीन रूममध्ये ब्रेक टेस्टला वीस मिनिटं थांबावं लागतं. बाहेर ४२ अंश, आत पंखा.
विचारायचं नव्हतं. विचारलं. एका जपानी मजकुराचे उच्चार तपासाल का, घरचं काम आहे.
मी उभं राहून म्हटलं, गायले नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. मग इंग्रजीत म्हणाले, फार अचूक. आमच्या लिफ्टमध्ये घोषणा करणारी बाई असते ना, तशी.
मी आभार मानले. ते म्हणाले, कौतुक नव्हतं.
मग त्यांनी विचारलं, अर्थ माहीत आहे? मला को.चा माहीत होता, झो.ने सांगितलेला: लिफ्ट, लवकर चल, सातव्या मजल्यावर तो थांबलाय. चाल तीच, तर अर्थही तोच असणार, असं मी धरलं होतं. या महिन्यातली दुसरी चूक.
जपानी शब्द वेगळे आहेत. ओकादा-साननी बोटांवर मोजत सांगितलं: 'तुला सातव्या मजल्यावर उतरायचंय. मी सगळी बटणं दाबली. प्रत्येक मजल्यावर दार उघडू दे. तेवढाच उशीर.'
मी म्हटलं, आम्ही अशासाठी कॉल रद्द करायची सोय चालू करतो.
ते खूप हसले. हातमोजे काढून डोळे पुसले. "मीसुद्धा. चाळीस वर्षं." मग म्हणाले, "कोण उतरतंय?"
कुणी नाही, म्हटलं. ब्रेक टेस्ट पास.
संध्याकाळी अब्बांनी झो.चं तिकीट काढलं. २८ जुलै.

७ जून, शनि.
ईदचा दुसरा दिवस. घरात अठरा माणसं, शारजाची सगळी फौज. अम्मी स्वयंपाकघरात सांदणं वाफवत होती आणि मोठ्याने गात होती. जप. सुरुवातीपासून. आमच्या तालमी ऐकून तिला अख्खं येतं.
रेहाना खाला म्हणाली, "हे कसलं गो?"
"जपानी," अम्मी म्हणाली, जसं काही नेहमीचंच.
इमारतीच्या लिफ्टमध्ये अम्मी चार शेजारणींना नुसती हसते. इंग्रजी येत नाही, हिंदीत अडखळते. सोळा वर्षं झाली. घरात आली की थांबत नाही.
सांदणं उतरवता उतरवता मला म्हणाली, "मला हेच आवडतं. त्या पहिल्या गाण्यात ती गप्पी बिचारी हरवल्यासारखी. आपल्या भाषेत बोलू दिलं की बघ कशी सुटते."
"अम्मी, माझी भाषा जपानी नाही."
"मग तुझी कुठली? मला तर अजून ऐकायला मिळाली नाही." आणि सांदणाचा वाडगा माझ्या हातात देऊन बाहेर गेली. सगळे हसले. मीही.

१२ जून, गुरु.
नोंद करावी की नाही. करते.
बिझनेस बे, लिफ्ट क्र. ३, ४१ मजले. मी आत एकटी. इंटरकॉमची चाचणी: आतलं बटण दाबायचं, खाली गार्डच्या टेबलावर आवाज पोचतो का बघायचं. पोचला. पुढचं काम दारांचं. वर जाताना एकेचाळीस मजले मोकळे होते, आरसा होता, आवाज घुमत होता. गायले. पहिल्यांदा ३१.० सेकंद. दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं नाही. ओकादा-साननी सांगितलेले मजले डोळ्यांसमोर आणले: दार उघडतंय, कुणी नाही, बंद होतंय, पुन्हा उघडतंय.
वर पोचल्यावर भिंतीतून आवाज आला: "मॅडम, एक बार और."
इंटरकॉमची लाइन मी बंद केली नव्हती.
खाली गार्ड बहादूर, पोखऱ्याचा. त्याने दोन भाडेकरूंना आणि एका पिझ्झावाल्याला थांबवून ऐकवलं होतं. शिवाय उस्मान लाला लिफ्टच्या छतावर होता, दोर तपासत. तिथे मीच त्याला चढवलं होतं. हे मी विसरले.
लाला छतातल्या हॅचमधून डोकावला. मी म्हटलं, "लाला, किसी को बताना मत."
"पहला वाला टाइम पे था," तो म्हणाला. "दूसरा वाला अच्छा था."
एकूण श्रोते पाच. मला काही झालं नाही. लिफ्टलाही नाही.

१४ जून, शनि.
तालीम ७. लिफ्टमधल्या दुसऱ्या वेळेसारखं गायले. ३३ सेकंद झाले, म्हणजे दोन जास्त. ढोल माझ्या आधी आला, मी अजून ओळीत होते. सगळं विस्कटलं.
पण मृणाल काही बोलली नाही. मृणाल बोलली नाही, हे पहिल्यांदाच घडलं. अलीना (नक्की अलीना, तिला तीळ आहे) म्हणाली, "दीदी, अगेन."
पुन्हा, ३२. पुन्हा, ३१ पण पहिल्यासारखं, हजेरीसारखं. दोन्ही एकदम जमत नाहीत. ट्रॅक माझ्यासाठी थांबणार नाही आणि वेळ पाळली की गाणं मरतं.
झो.: "लेट बी लेट. आम्ही पकडू तुला."
"ढोल चुकला तर सगळ्यांचं जाईल."
"सो?"
तिला जिंकायचं होतं, असं मी धरून चालले होते.

१९ जून, गुरु.
आयोजकांनी फॉर्मचा नंबर मागितला म्हणून झो.बरोबरचे जुने मेसेज उघडले. १३ मे. मी फॉर्म पाठवला ७:१०. तिचा अंगठा ७:३१.
एक पान. एकवीस मिनिटं.
ती गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. विचारलं, "एकवीस मिनिटं काय करत होतीस?"
विचारायला नको होतं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "रीडिंग."
"जपानी लिहिलेलं दिसलं?"
"ऑब्व्हियसली."
"गप्पी सुरुवात करते, माहीत होतं?"
"आपा. मी फॅन आहे. मला त्यांच्या कुत्र्यांची नावं माहीत आहेत."
"मग सांगितलं का नाहीस?"
तिने माझ्या युनिफॉर्मच्या शर्टाची घडी केली, वाईट केली, आणि मराठीत बोलली. ती मराठीत बोलते तेव्हा शब्द शोधत बोलते. "तू चार सेकंद गाणार होतीस, मग घरी. मी तिकडे पुण्यात काय बघणार? चार सेकंदांचा व्हिडिओ?"
चिडायला हवं होतं. नोंद: चिडले नाही. शर्ट तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा घडी केली. तिने दुसरं टोक धरलं.

२१ जून, शनि.
ऊद मेथा, ग्रीन रूम. म्हणजे योगवर्गाची खोली, चटया कोपऱ्यात. आमचा नंबर १२. आत्ता १० चालू आहे. हात थंड, एसी २० वर. आयोजकांच्या गोड बाई फेरी मारून गेल्या: "यल्ला गर्ल्स, शूज, शूज!" जुळ्या भांडतायत. मृणाल तिसरं केळं खातेय. अम्मी-अब्बा तिसऱ्या रांगेत. अम्मी आत्ताच ओठ हलवतेय, मी पडद्यातून पाहिलं.
मघाचं लिहायचं राहिलं.
अब्बांनी आम्हाला दोघींना तळघरात सोडलं आणि गाडी लावायला गेले. हॉल नवव्या मजल्यावर. लिफ्ट जुनी, आमच्या कंपनीची नाही. दार सावकाश, लेव्हलिंग किमान १५ मिमी. आत दोघीच. झो. आरशात काजळ बघत होती, "आपा, नाइन दाब."
नऊ दाबलं. मग बाकीची.
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. सगळे दिवे लागले. रद्द करायची सोय इथे चालू नव्हती. (कळवायला हवं. सोमवारी.)
झो.ने बटणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हू आर यू?"
पहिल्या मजल्यावर दार उघडलं. दाताच्या डॉक्टरांचं बंद क्लिनिक. दार बंद. दुसरा मजला, एक बाई बाळाला घेऊन उभी होती, आत बघून म्हणाली खाली जायचंय. झो. हसायला लागली. तिसऱ्यावर तिने बोर्ड वाचला, चौथ्यावरचा मी. पाचव्यावर आम्ही दोघी हसत होतो आणि तिथे एक म्हातारे गृहस्थ आम्हाला सलाम करून पायऱ्यांकडे गेले. सहाव्यावर तिने माझी कोपर धरली. सातव्यावर दार उघडलं. झो. दाराकडे बघत राहिली, मीही. दोघींपैकी कुणी हसलं नाही. दार बंद झालं, ती आतच होती.
आठ. नऊ.
एरवी ४० सेकंद लागले असते. किती लागले ते मोजलं नाही.
११ नंबर स्टेजवर गेला. झो. म्हणतेय वही ठेव. ही वही तिने दोन मिनिटं मांडीवर उलटी धरली होती, मी शूज बांधत होते तेव्हा. आता ओठ हलवत मुखपृष्ठावरचं माझं नाव वाचतेय, अक्षर लावून, 'ना-झ-नी-न', आणि तेवढंच वाचलं असं तोंड करतेय. पुण्याला जाईपर्यंत पानंही वाचेल.
टाळ्या. १२ म्हणाले.
'टिंग' नंतर काहीच वाजत नाही. मी सुरू केल्याशिवाय कुणाला सुरू करता येत नाही. मग ३१, ३२, जे होईल ते, त्या चौघी पकड